हणमंतमामांचा होकार

नल्लकुंटा, हैदराबाद
९ जुलै २०२५

चि. चारुलता,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन सोडून कागद का, ते आधी सांगतो. विनय मागच्या दिवाळीला कॅनडाहून आला होता, तेव्हा त्यानं माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या कॉम्प्युटरला जोडून घेतलं. म्हणाला, अप्पा, तुम्ही एकटे असता, कुणी फसवायला लागलं तर मला दिसेल. तेव्हा मला बरं वाटलं. आता मी तुला ‘जेवलीस का’ विचारलं तरी ते तिकडं टोरांटोत उमटतं. आणि तोंडी बोलायचं म्हणलं तर मला मधेच राग येतो, मग मुद्दा राहतो बाजूला. म्हणून हे टपाल.

तू वकील आहेस, सरळ विचारतो. माणसानं मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं तर कायदा त्याला शब्द दिला असं धरतो की नाही?

आता सगळं पहिल्यापासून. सुलतान बाजारातलं आपलं साड्यांचं दुकान तू पाहिलं आहेस. माझ्या कमाईचं, माझ्या नावावर. तुझी मामी गेली तेव्हा मी शटर ओढून घरी बसणार होतो. अमृतानं बसू दिलं नाही. त्या वेळी तिचं आणि विनयचं फाटलेलं होतं, ती कॅनडा सोडून विद्यानगरला आईकडं राहायला आली होती. रोज येऊन गादीवर बसायला लागली. वर्ष व्हायच्या आत तिनं शिवलेल्या नऊवारीचं काम काढलं. इथल्या आपल्या पोरींना काष्टा घालता येत नाही, पण लग्नात नऊवारी पाहिजे असते. अमृता अशी शिवून देते की पायांत चढवली, नाडी ओढली, झालं. हल्ली तेलुगू घरातल्या मुलीही येतात.

पुढं दोघांचा घटस्फोट झाला. सगळ्यांना वाटलं ही आता दुकान सोडणार. तिनं सोडलं नाही, भाडेकरू झाली. महिन्याच्या महिन्याला भाडं देते, पावती मागते, आणि शनिवारी संध्याकाळी इथं येऊन मला बाजारातल्या आठवडाभराच्या बाता सांगते. माझी सून होती तेव्हा आम्ही दोघं इतकं कधी बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. ‘अप्पा, पुढची पाच वर्षं दुकान मीच चालवू का? भाडं आहे तेच, दरवर्षी थोडं वाढवू. तुमचं हो असेल तर कडा शिवायची ओव्हरलॉकची नवी मशीन आजच सांगते.’ मी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि अंगठा पाठवला. मला त्या इवल्याशा फोनवर मराठी टाइप करता येत नाही, आणि करायचं तरी काय होतं? हो म्हणायचं होतं, म्हणलं.

दुसऱ्या दिवशी विनयचा फोन. त्यानं ते बघितलेलं. चपलांच्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीला आपली जागा पाहिजे, त्यानं परस्पर बोलणं केलं आहे. म्हणाला, अप्पा, अंगठ्याला काही अर्थ नसतो, लोक सकाळपासून शंभर अंगठे पाठवतात, तुम्ही कागदावर सही करू नका, बाकीचं मी बघतो. मी म्हणलं, शब्द दिला आहे. तर म्हणतो, कुठं दिला, बोललात कुठं तुम्ही?

चारू, तुझे आजोबा उदगीरच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. टॉवेलखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडातून एक अक्षर नाही. हात सुटला की बैल गेला. नंतर कुणी दुप्पट देतो म्हणलं तरी बाबांनी बैल मागं फिरवला नाही. मला कुणी सांगू नये की बोलल्याशिवाय सौदा होत नाही.

मला बसवत नाही. गेटपर्यंत जातो, परत येतो. पेपर उघडतो, एकच ओळ चारदा वाचतो. जल्दी कळव.

तुझा
हणमंतमामा

*

लातूर
१५ जुलै २०२५

ती. मामा,

पाया पडते. पत्र कोर्टातून घरी आल्यावर मिळालं, आणि आधी पाकीटच बघत बसले. मला कुणी हातानं पत्ता लिहून पत्र पाठवलं त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. इथं येतात त्या नोटिसा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे, दोन्ही नीट वाचा, अर्ध्यावर रागावू नका.

करार कागदावरच व्हावा असं कायदा म्हणत नाही. तोंडी होतो, ईमेलवर होतो, मेसेजवरही होतो. समोरच्यानं प्रस्ताव ठेवला, तुम्ही तो मान्य असल्याचं कळवलं, आणि दोघांचा इरादा गंभीर होता, एवढं दिसलं पाहिजे. ते शब्दानं दिसतं, वागण्यातून दिसतं, चित्रानंही दिसू शकतं. आणि आपल्या विनयला ही गंमत जरूर सांगा: तो राहतो त्याच देशातल्या एका कोर्टानं शेतमालाच्या सौद्यात एका शेतकऱ्यानं मोबाइलवर पाठवलेला अंगठा सहीसारखा धरला. बिचारा शेतकरी म्हणत होता, मी फक्त मिळाल्याचं कळवलं होतं. कोर्टानं ऐकलं नाही. आपल्याकडं प्रत्येक प्रकरण त्याच्या हकिकतीवर ठरेल.

आता दुसरा भाग, आणि तुमच्यासाठी हाच महत्त्वाचा. दुकान किंवा घर एक वर्षाहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायचं तर भाडेपट्टा लेखी लागतो आणि त्याची नोंदणी लागते. पाच वर्षांचा पट्टा अंगठ्यावर उभा राहत नाही. फार तर अमृता महिन्याची भाडेकरू ठरेल, आणि ती तर आजही आहे. रीतसर नोटीस दिली की विषय संपला. म्हणजे मामा, तुम्ही सुटलात. आपल्याकडं अंगठा दाखवणे म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच, कोर्टात गंमत म्हणून तेही सांगता येईल.

फक्त एक करा. यापुढं तिला कुठलाही मेसेज करू नका, अंगठा नाही, हात जोडलेले नाहीत, फूल नाही. नोटिशीचा मसुदा पाहिजे तर मी पाठवते. शांत झोपा आणि गेटच्या चकरा बंद करा. गुडघा आधीच बोंब मारतो आहे.

तुमची
चारू

*

नल्लकुंटा
२० जुलै २०२५

चारुलता,

तुला लहानपणी मी खांद्यावर बसवून गणपती दाखवले म्हणून हे लिहितो, नाहीतर असल्या वकिलाला उत्तरच दिलं नसतं.

सुटायचं कुणी विचारलं होतं तुला? माझं पत्र परत काढ. मी विचारलं होतं, अंगठा टिकतो का. तू मला तो कसा टाळायचा ते शिकवलंस. वर नोटिशीचा मसुदा. सहा वर्षं ज्या बाईनं माझं दुकान उघडं ठेवलं तिला मी नोटीस देऊ? नक्को तुझा मसुदा.

माझी अडचण तुझ्या ध्यानात आली नाही, आणि मीही ती नीट लिहिली नसेल. विनय माझा एकुलता एक. रोज फोन करतो. आधी चपलांच्या कंपनीचं बोलायचा, आता तेही बोलत नाही, नुसतं ‘काय ठरवलंत’ म्हणतो. त्याचंही मला दिसतं. परवा म्हणाला, अप्पा, माझं लग्न मोडलं, आणि माझ्या बापाच्या दुकानात माझी सोडलेली बायको बसते, बाजारातले लोक मला अजून विचारतात, वहिनी कशा आहेत. मी काय सांगू त्यांना? पोरगा खोटं बोलत नव्हता.

म्हणून मला कायदा पाहिजे होता. कायद्यानं म्हणलं असतं की हणमंतराव, तुम्ही बांधले गेलात, तर मी विनयला सांगितलं असतं, लेका, माझे हात बांधलेले आहेत, मी काय करू, चारूला विचार. तो तुझ्यावर चिडला असता, दोन दिवसांत विसरला असता. त्याच्याही बाजूनं राहिलो असतो आणि तिचंही झालं असतं. तुझ्या त्या नोंदणीनं मला रस्त्यावर आणून उभं केलं. आता जे करीन ते मीच केलं असं होणार.

आणि दुसरं. अमृता दोन शनिवार आली नाही. काल तिसरा. पहिल्या शनिवारी वाटलं पाऊस असेल, दुसऱ्या वेळी वाटलं लग्नाच्या ऑर्डरी असतील. काल मी उस्मानिया बिस्किटं आणून ठेवली होती, ती मऊ पडली. फोन केला तर म्हणाली, काम आहे अप्पा, नंतर येते. आवाज असा की दुकानात नको असलेल्या गिऱ्हाईकाशी बोलावं. मी तिचं काय बिघडवलं? मी तर हो म्हणलं होतं. विनयनं तिला काही बोलून दाखवलं असेल का? मला विचारायचा धीर होत नाही. तू बाईमाणूस आहेस, तुला ती मानते, तू लिही तिला. माझं नाव सांगू नकोस. बरं, सांग.

हणमंतमामा

*

लातूर
२४ जुलै २०२५

प्रिय अमृता,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. आपण शेवटचं भेटलो ते मामींच्या तेराव्याला. त्यानंतर तुझं आणि विनयचं जे झालं त्यात मी तुला एक ओळ लिहिली नाही. नणंद म्हणून लिहू की वकील म्हणून, हेच ठरलं नाही, आणि मग उशीर झाला. ते जाऊ दे.

आज मामांसाठी लिहिते आहे. तू शनिवारी जात नाहीस म्हणून ते हवालदिल झाले आहेत. त्यांना कारण माहीत नाही. मला त्यांनी दुकानाबद्दल कायद्याचं विचारलं होतं आणि मी घाई करून चुकीच्या बाजूचं उत्तर दिलं. त्यांना यातून सुटायचं आहे असं मी धरून चालले. तसं नव्हतं. आता पुन्हा काही धरून चालायचं नाही, म्हणून तुलाच विचारते. काय झालं आहे? तुला सांगायचं नसेल तर तसं लिही, मी परत विचारणार नाही. पण यातलं काही मामांना मेसेज करू नकोस, मला पत्रच लिही. त्याचं कारण तुला मामांकडून कळेल.

चारूताई

*

विद्यानगर, हैदराबाद
२ ऑगस्ट २०२५

चारूताई,

माझं मराठी लिहिणं असंच आहे, हसू नका. शाळा इंग्लिश मीडियम, दुकानात दिवसभर तेलुगू आणि हैदराबादी हिंदी. आईला वाचून दाखवलं, तिनं अर्ध्या वेलांट्या बदलून दिल्या.

अप्पांना कारण माहीत नाही हे वाचून मला आधी राग आला. मग पत्र परत वाचलं. आता काय वाटतं ते मलाच समजत नाही.

मी त्यांना पाच वर्षांचं विचारलं होतं. विचारायला मला चार महिने लागले. समोर बसून विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं, म्हणून मेसेज केला. पाच मिनिटांत अंगठा आला. मी दुकानातच होते. शकुंतला आणि रहीमुन्निसा दोघी शिवायला बसतात, त्यांना फोन दाखवला. रहीमुन्निसा म्हणाली, हौ, अब्बाजान ने मंजूर कर दिया. त्याच संध्याकाळी मशीन सांगून टाकली.

सकाळी उठून फोन बघितला तर अंगठा नव्हता. त्या जागी लिहिलेलं, हा मेसेज डिलीट केला आहे. माझा प्रश्न तसाच वर, आणि खाली ते. मी बराच वेळ तसंच बघत बसले. वाटलं, चुकून झालं असेल, परत पाठवतील. दिवसभर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही.

मग मला समजलं. रात्री विचार बदलला. बदलू शकतात ना ताई, दुकान त्यांचं आहे. विनयचं मन मोडायचं नसेल. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरं सांगते. वाईट याचं वाटलं की सांगितलं नाही. शनिवारी मी गेले तर मला चहा देतील, बिस्किट देतील, आणि त्याबद्दल एक शब्द काढणार नाहीत, हे मला बघवलं नसतं. सून असते तर भांडले असते. आता कोणत्या नात्यानं भांडू?

मशीन परत घेत नाहीत. बरकतपुऱ्यात एक वरच्या मजल्याची खोली बघितली आहे. तिथं गिऱ्हाईक चढून येणार नाही, पण शिवणं होईल. शकुंतलाला सांगितलं की तिला दुसरं काम बघायला लागेल. गणपती झाले की दुकानाची किल्ली अप्पांना देते. त्यांना सांगा, मी कोर्टात वगैरे जाणार नाही, त्यांनी घाबरू नये. माझ्याकडं आता दाखवायला काही नाही, आणि असतं तरी त्यांच्यावर केस केली नसती.

त्यांची बीपीची गोळी संपत आली असेल. अनिल मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं आहे, तो घरी पाठवेल.

अमृता

*

लातूर
६ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

हे पत्र खुर्चीवर बसून वाचा.

तुमचा फोन हातात घ्या. अमृताच्या नावावर दाबा आणि बोटानं वर वर जात राहा, जूनपर्यंत. तिनं पाच वर्षांचं विचारलेलं दिसेल. त्याच्या खाली बघा. तुम्ही पाठवलेला अंगठा तिथं नसेल. ‘तुम्ही हा मेसेज डिलीट केला’ असं काहीतरी लिहिलेलं असेल.

तुम्ही केलात का? तुम्हाला तो मेसेज पुसता येतो का तरी? मला वाटत नाही. तुम्ही आजवर एक गुड मॉर्निंग पुसलेलं नाही, तुमच्या फोनमध्ये जागा नसते म्हणून मीच कितीदा ओरडले आहे. पण तुमचं व्हॉट्सअ‍ॅप जिथं जोडलेलं आहे तिथून ते करता येतं. त्याच रात्री झालं आहे. पुसायला थोडा वेळच मिळतो, तो संपायच्या आत. कोण जागं होतं, हे मी लिहीत नाही.

अमृताला वाटतं आहे की तुम्ही हो म्हणालात आणि रात्रीतून परत घेतलंत, आणि ते तिला तोंडावर सांगायची तुमची हिंमत झाली नाही. म्हणून ती येत नाही. गणपतीनंतर किल्ली आणून देणार आहे. बरकतपुऱ्यात वरच्या मजल्यावर खोली घेते आहे. तुमच्यावर तिचा राग नाही, आणि मला विचाराल तर तेच जास्त वाईट आहे.

आता कायदा. या वेळी तुम्ही जे विचारलं होतंत त्याचंच उत्तर देते. मेसेज पुसल्यानं दिलेला होकार पुसला जात नाही. तो तिच्यापर्यंत पोचला, तिनं वाचला, त्याच्या भरवशावर मशीन सांगितली. दुसऱ्यानं तुमच्या नावानं तो काढला तर तो तुमचा नकार होत नाही. टॉवेलखाली दोघांचेच हात असायला पाहिजेत, मामा. इथं तिसऱ्यानं हात घातला.

पण पाच वर्षांचा पट्टा त्या होकारानं होत नाही, हे मी आधी लिहिलं ते आजही तसंच आहे. कायदा तुम्हाला ढकलणार नाही. विनयला सांगायला माझं नाव वापरू नका, मी तसं खोटं लिहून देणार नाही. तुम्हाला बांधून घ्यायचं असेल तर एकच वाट आहे. पट्टा लिहायचा, अमृताला बरोबर घेऊन रजिस्ट्रेशन ऑफिसात जायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. तिथं तुम्हाला कुणी विचारणार नाही की तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे. त्यामुळं आपण कुणाच्या तरी जबरदस्तीनं हे करतो आहोत असं मनातल्या मनात म्हणायची सोयही राहणार नाही.

नको असेल तर नको. पण मग किल्ली घेताना तिला खरं काय घडलं ते सांगा. तुम्हाला मी चांगलं ओळखते, म्हणून रागावून लिहिते आहे.

चारू

*

नल्लकुंटा
१० सप्टेंबर २०२५

चि. चारू,

महिनाभर उत्तर नाही म्हणून तुझे फोन आले, मी ‘बरा आहे’ म्हणून ठेवत होतो. बरा नव्हतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फोन उघडला. तसंच होतं. मी ती ओळ चष्मा काढून, चष्मा लावून बघितली. मग अनिलच्या मेडिकलमध्ये गेलो. तो म्हणाला, काका, हे तुमच्या हातातनंच झालंय असं दाखवतंय. मी म्हणलं, माझ्या हातातनं नाही झालं. तो बिचारा गोळ्यांची पाकिटं मोजायला लागला.

विनयला फोन लावायला मला तीन दिवस लागले. लावला तेव्हा त्यानं लपवलं नाही. म्हणाला, हो, मी काढलं. तुम्ही भावनेच्या भरात काहीतरी देऊन बसला असता, तुम्हाला वाचवलं. मी म्हणलं, मला विचारलं का नाहीस? तो म्हणाला, विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. त्याच्या मागं बर्फ काढायच्या की कसल्या गाडीचा आवाज येत होता, मी म्हणलं एवढ्यात बर्फ? तो म्हणाला, कचऱ्याची गाडी आहे अप्पा. मग ठेवला.

त्यानंतर मी आठ-पंधरा दिवस काहीच केलं नाही, चारू. हे तुला लिहायला लाज वाटते. रोज सकाळी ठरवायचं की आज सुलतान बाजारला जायचं, आणि कोठीपर्यंत ऑटोनं जाऊन परत यायचं. अमृताला काय सांगू? माझ्या पोरानं केलं म्हणून सांगू? तिला वाटणार, पोराच्या मागं लपतो आहे. मी केलं म्हणून सांगू? मग तर संपलंच. शेवटी गणपती बसायच्या दोन दिवस आधी गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, लग्नाची मुलगी आणि तिची आई, अमृता ओचा किती लांब पाहिजे ते मापत होती. तिनं मला बघितलं, टेप गळ्यात घातला आणि आत गल्ल्यातनं किल्ली काढून आणली. गणपती व्हायची वाटसुद्धा बघितली नाही.

मी ती घेतली नाही. मी म्हणलं, ‘अमृता, अंगठा मी काढला नाही, विनयनं काढला. पण मी त्या रात्रीपासून आजपर्यंत तुला परत हो म्हणलो नाही, ते मात्र माझं मीच केलं.’

गिऱ्हाईक ऐकत होतं. शकुंतला मशीनवरनं उठून उभी राहिली. अमृतानं किल्ली परत गल्ल्यात टाकली आणि त्या मुलीच्या आईला म्हणाली, अम्मा, हीच मोरपिशी रंगात आहे, दाखवू का. मी तासभर तिथंच स्टुलावर बसलो. मग ती चहा घेऊन आली आणि तिच्या डोळ्याला पाणी आलं, मलाही आलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गौरी-गणपती झाले आणि आम्ही रजिस्ट्रेशन ऑफिसात गेलो. पट्टा तू फोनवर सांगितलास तसा तिथल्या लेखनिकाकडनं लिहून घेतला. पाच वर्षं. फोटो काढले, बोटं उमटवली, सह्या केल्या. सगळं मिळून एक दुपार गेली. बाहेर आल्यावर मी अमृताला म्हणलं, तू विद्यानगरला जा, मला एक फोन करायचा आहे. ती समजली.

तिथल्या झाडाखाली उभं राहून विनयला लावला. तिकडं पहाट असणार, झोपेतनं उठला. मी म्हणलं, सही केली. कुणी करायला लावली नाही, चारूनंही नाही. मीच केली. तुझ्यावर राग धरून केली नाही, तिच्यावर उपकार म्हणूनही नाही. हो म्हणलो होतो, म्हणून केली.

तो म्हणाला, तुमच्यानंतर दुकान माझं होईल ना? मी म्हणलं, होईल. तर म्हणाला, मग तेव्हा मी तिला काढीन. मी म्हणलं, लेका, कागद पाच वर्षांचा आहे. मी उद्या मेलो तरी तो चालतो, तुलाही पाळावा लागेल.

फोनवर इतका वेळ आवाज नाही की मला वाटलं लाइन तुटली. मी हॅलो हॅलो म्हणायला लागलो.

तेव्हा तो म्हणाला, ‘मग पाच वर्षं जगा, अप्पा. मला तिच्यापुढं भाडं मागायला उभं करू नका.’

आणि ठेवला.

चारू, तो रागानं म्हणाला की कसा, मला कळलं नाही. रडत होता का तेही कळलं नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केला नाही, दोनदा हातात घेऊन ठेवला. जेवताना, अंघोळ करताना, बसल्याजागी तेच ऐकू येतं.

बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतो. अनिलकडनं डब्बी आणली आहे, वारांची नावं लिहिलेली. आणि परवापासून सकाळी चालायला लागलो आहे, विद्यानगर स्टेशनपर्यंत जातो आणि परत येतो. गुडघा दुखतो, पण जातो.

तुझा
हणमंतमामा